एक परात, एक आठवडा : बालवाडीच्या वयातल्या मुलांसाठी परसातलं विज्ञान

परातीत चार बोटं पाणी आणि पाण्यावर अर्धी करवंटी. चार वर्षांची मुलगी तिची कड बोटाने हलकेच दाबते. करवंटी कलंडते, पाणी आत शिरतं, 'बुडुक' असा आवाज येतो आणि ती तळाला जाते. मुलगी ती बाहेर काढते, रिकामी करते, पुन्हा पाण्यावर ठेवते, पुन्हा दाबते. मी शेजारी बसून मोजत होते. एकवीस वेळा तिने हेच केलं. बाविसाव्या वेळी तिने कड दाबली नाही, आत एक खडा टाकला. मग दुसरा. तिसऱ्या खड्याला करवंटी एका बाजूला झुकली, तेव्हा तिने चौथा खडा दुसऱ्या बाजूला ठेवला.

त्या बाविसाव्या वेळेसाठी हा सगळा लेख आहे.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी बालवाडीत शिकवते. सुरुवातीची काही वर्षं मी रोज नवा प्रयोग करून दाखवायचे. सोमवारी सोड्याचा फेस, मंगळवारी लोहचुंबक, बुधवारी तरंगणारं अंडं. मुलं टाळ्या वाजवायची आणि विसरून जायची. करवंटीवाल्या मुलीने माझी पद्धत बदलली. आता आमच्याकडे एक परात आठवडाभर चालते. वस्तू त्याच राहतात, रोज त्यात एखादीच भर पडते. पालकांनाही मी हेच सांगते की घरी करायचं तर एकच विषय घ्या आणि तो पाच दिवस पुरवा.

बसायच्या आधी

दोन फुटांची स्टीलची परात, खाली पसरायला गोणपाट, सहा-सात करवंट्या घासून काठ गुळगुळीत केलेल्या, एक छोटा तांब्या, पिठाची चाळण, दोन-तीन झाकणाच्या पारदर्शक बाटल्या आणि जुने पंचे. एवढ्यावर वर्ष निघतं. बाजारात मिळणारे रंगीत संच मी वापरत नाही, कारण त्यातली वस्तू हरवली की खेळ थांबतो. करवंटी हरवली तर दुसरी मिळते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत गावच्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूच हाताशी धरल्या. आपल्या परसात तर माड, चिरा (म्हणजे जांभा दगड), कोकम सगळंच आहे.

जागा पडवीची. घरात केलंत तर तुमचं लक्ष फरशीकडे राहील आणि मुलाला ते लगेच कळेल. एका परातीला चार मुलं. पाचवं आलं की कोपरं लागतात आणि भांडण सुरू होतं. वेळ दहा मिनिटं धरा. रमली तर चाळीस मिनिटंही जातात, पण तुम्ही मनात दहाच धरून बसा.

आता बोलण्याविषयी. सगळ्यात जास्त चूक इथे होते. वस्तू पाण्यात टाकण्याआधी विचारा, "काय होईल?" आमच्याकडची बरीच मुलं घरी कोकणी बोलतात, त्यामुळे मी "कितें जातलें?" असंही विचारते. मूल "बुडटलें" म्हणालं किंवा "उफेतलें" म्हणालं तरी चालेल. तिथे "बुडेल म्हण, तरंगेल म्हण" असं दुरुस्त करत बसू नका. शब्द नंतर येतील, आधी अंदाज येऊ द्या. टाकून झाल्यावर विचारा, "काय झालं?" मग गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तीन वर्षांच्या मुलाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन मोकळी होतो.

"का?" हा प्रश्न पाच वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा विचारू नये. त्याला ती परीक्षा वाटते. "आधी कसं होतं, आता कसं आहे?" असं विचारलंत तर तेच मूल भरभरून सांगतं.

पाण्याचा आठवडा

सोमवारी परातीत फक्त पाणी आणि करवंट्या. दुसरं काहीही नाही. भरणं, ओतणं, बुडवणं, डोक्यावर घेणं, सगळं होऊ द्या. तांब्यात किती करवंट्या पाणी मावतं हे मुलं आपणहून मोजायला लागतात.

मंगळवारी पाच वस्तू आणा : सोललेला नारळ, चिऱ्याचा मुठीएवढा कोरडा तुकडा, आंब्याचं पान, स्टीलचा चमचा आणि सालासकट संत्रं. जमिनीवर खडूने दोन मोठी वर्तुळं काढा. एकात पाण्यावर होडी काढा, दुसऱ्यात पाण्याखाली दगड. प्रत्येक मुलाने वस्तू आधी हातात घ्यायची, तोलायची आणि अंदाजाच्या वर्तुळात ठेवायची. मगच पाणी. चमच्याबद्दल बहुतेक मुलं बरोबर सांगतात. नारळ मात्र घोटाळा करतो. हाताला तो एवढा जड लागतो की तो बुडणार अशी मुलांची खात्रीच असते, आणि जुना, आतलं पाणी आटत आलेला नारळ झोकात तरंगतो. जमलं तर एक जुना आणि एक ताजा असे दोन नारळ ठेवा. कोणता किती वर राहतो ते मुलं वाकून वाकून बघतात. हलवून आतल्या पाण्याचा आवाजही ऐकवा.

बुधवार चिऱ्याचा. तुकडा पूर्ण कोरडा हवा, म्हणून आदल्या दिवशी उन्हात ठेवा. पाण्यात सोडला की तो तळाला जातो आणि त्याच्या अंगातून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर यायला लागतात. आमच्या वर्गात या वेळी एकदम शांतता होते. एक मुलगा कान पाण्याला लावून म्हणाला, "दगड श्वास घेतो." मी ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तोच ओला तुकडा पुन्हा पाण्यात टाकला, तर बुडबुडे जवळजवळ नव्हते. मग मी विचारलं, "काल आत काय होतं, आज काय आहे?" पाचव्या वर्षातल्या मुलीने सांगितलं, "आता आत पाणी बसलंय." चिऱ्याला भोकं असतात, भोकांत हवा असते, पाणी शिरलं की हवा बाहेर पडते. आपल्याला सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते तिनेच सांगितलं.

गुरुवारी संत्रं. सालासकट तरंगतं, सोललं की सहसा बुडतं. सोलायचं काम मुलांना द्या. बोटांना साल फाटण्याचा जोर कळतो, वास सुटतो, हात चिकट होतात. मोठ्या मुलाने विचारलंच तर सांगा, की साल आत हवा धरून ठेवते, पोहायला शिकताना पाठीला सुका नारळ बांधतात तसं. घनता हा शब्द या वयात उच्चारूसुद्धा नका. शब्द पाठ झाला की मूल बघायचं थांबतं.

शुक्रवारी करवंटीची होडी आणि चिंचोके. किती चिंचोक्यांना बुडते? आधी अंदाज, मग मोजणी. मोठी करवंटी, लहान करवंटी. चिंचोके एका बाजूला भरले तर? मधोमध ठेवले तर? या दिवशी मला बोलावंच लागत नाही.

पाण्याच्या खेळात एक गोष्ट कडक पाळा. चार बोटं पाणीही लहान मुलाला धोक्याचं असतं. फोन वाजला तर मुलाला बरोबर घेऊन उठा, किंवा परात रिकामी करून उठा.

मातीचा आठवडा

गोव्यातल्या मुलाला माती लाल असते हे जन्मापासून माहीत असतं, कारण गुडघे लाल होतात. त्या लालीत लोखंडाचा गंज असतो. जुना गंजलेला खिळा आणि चिऱ्याचा तुकडा शेजारी ठेवून रंग जुळवायला द्या. मुलं आपणच म्हणतात, "सारखाच!"

मुख्य काम बाटलीचं. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा परसातली माती, वर पाणी, कंठाशी थोडी जागा मोकळी. झाकण मोठ्या माणसाने घट्ट लावायचं. मग मुलांनी बाटली दोन्ही हातांनी घुसळायची, दमेपर्यंत. खाली ठेवली की मिनिटभरात खडे आणि जाड रेती तळाला बसते. काही तासांत त्यावर बारीक गाळ. पाणी मात्र संध्याकाळीही गढूळच असतं, आणि वर पानांचे तुकडे, मुळं, कधी एखादी मेलेली मुंगी. बाटली हलवायची नाही, फक्त रोज सकाळी बघायची आणि कागदावर तिचं चित्र काढायचं. चार दिवसांची चार चित्रं भिंतीवर ओळीने लावली की थर कसे बसत गेले ते मुलं बोटाने दाखवतात. शेजारी दुसऱ्या बाटलीत किनाऱ्यावरची रेती घ्या. तिचं पाणी लगेच नितळ होतं. तिसरीत शेतातली चिकण माती. ही सगळ्यात हट्टी. हा फरक मुलांनी आधी हातांनी अनुभवलेला असावा, म्हणून बाटल्या भरण्याआधी एक पूर्ण दिवस तिन्ही माती परातीत ठेवा. रेतीचा लाडू होत नाही, चिकण मातीचा होतो, लाल मातीचा होता होता फुटतो.

चिखलाबद्दल पालक कुरकुरतात, तेव्हा मी जवळच्या माशेल गावाचं नाव घेते. आषाढातल्या एकादशीनंतर देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला होतो, मोठी माणसं कमरेपर्यंत माखतात आणि घरचे आनंदाने बघतात. त्याच घरातलं मूल जूनमध्ये चिखलात बसलं तर त्याला उचलून का न्यायचं?

मात्र खबरदारी खरीखुरी आहे. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या, गटाराजवळच्या, गोठ्याजवळच्या साचलेल्या पाण्यात मुलाला उतरवू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो कापलेल्या त्वचेतून शिरतो. स्वच्छ जागची माती चाळून घ्या, त्यात काच आणि खिळे नाहीत हे स्वतः बघा, आणि नळाचं पाणी घालून परातीतच चिखल करा. अंगावर जखम असेल तर त्या दिवशी चिखल नाही. खेळ झाल्यावर साबणाने हात, नखं, पाय.

कोकम आणि गोकर्ण

हा खेळ साडेतीन वर्षांच्या पुढे. पाच-सहा सोलं, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. लालभडक पाणी तीन काचेच्या जाड पेल्यांत वाटून घ्या. पहिला पेला तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. दुसऱ्यात मुलाने चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. फसफस फेस वर येतो, आणि फेस बसला की लाल रंग मळका होऊन काळपट-निळसर दिसायला लागतो. सोडा कमी पडला तर आणखी एक चिमूट. तिसऱ्या पेल्यात आधी सोडा, मग लिंबाचे थेंब. पुन्हा फेस, आणि लाली हळूहळू परत येते.

चिमूट म्हणजे काय, हे शिकवणं या खेळाचा अर्धा भाग आहे. अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणून सोडा उचलणं हीच पेन्सिल धरण्याची तयारी. म्हणून चमचा देऊ नका. लिंबाचे थेंब टाकायला औषधाचा ड्रॉपर चालतो.

परसात गोकर्णाचा वेल असेल तर दहा-बारा निळी फुलं गरम पाण्यात टाका. गरम पाण्याचं काम तुमचं, मुलांचं पाणी निवल्यावर. निळ्या पाण्यात लिंबू पडलं की जांभळं, मग गुलाबीसर. सोडा पडला की हिरवट. कोकमापेक्षा हा बदल जास्त स्वच्छ दिसतो, पण मी आधी कोकमच घेते. जेवणातलं पाणी असं रंग बदलतं याचं मुलांना जास्त नवल वाटतं.

हळदीचं तर तुम्हाला माहीतच आहे. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. पांढऱ्या फडक्याचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि मुलाला साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढू द्या. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. लिंबू लावलं की पुसली जाते. विड्याच्या चुन्यानेही हे होतं, पण चुना मुलांच्या हातात कधीही देऊ नका. डोळ्यात गेला तर डोळा जातो.

परातीतलं मिठागर

हा खेळ मार्च-एप्रिलमध्येच होतो. आगरवाड्याला किंवा रायबंदरला मिठागरं चालू असतात तेव्हा मुलांना आधी ती दाखवून आणा. मग घरी पसरट ताटलीत पेलाभर समुद्राचं पाणी गाळून ओता, करंगळीच्या जाडीएवढं, त्याहून जास्त नको. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पेलाभर पाण्यातून दीड-दोन चमचे मीठ मिळायला हवं. ताटली कडक उन्हात ठेवा. वर जाळीचं फडकं, कावळ्यांसाठी. दोन-तीन दिवसांत कडेला पांढरी रेघ दिसते, मग बारीक चौकोनी दाणे. भिंगातून बघू द्या, बोटांनी चुरडू द्या, कुरकुर ऐकू द्या. चाखायचं नाही, किनाऱ्याचं पाणी घाण असतं. पाणी कुठे गेलं, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. आमच्याकडे दोन मुलांनी ताटलीला भोक आहे का ते उलटी करून तपासलं. मी त्यांना शाबासकी दिली. तपासून बघणं हेच तर हवं होतं.

सोबत नळाच्या पाण्याचीही एक ताटली ठेवा. तुलना नसेल तर खेळ अर्धाच राहतो.

थोडक्यात, आणखी काही

वासाच्या डब्या : वेलची, सुकं खोबरं, ओवा, ओली माती, कापसावर आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस. डब्यांना भोकं पाडा आणि वासावरून नाव ओळखू द्या. तिखट, मिरी नको.

किनाऱ्यावर कधी कधी काळ्या रेतीचे पट्टे दिसतात. मोठं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवा. काळे कण ताठ केसांसारखे उभे राहतात. लोहचुंबक पिशवीतून काढलं की कण खाली पडतात. लहान, गोट्यांसारखी ताकदवान लोहचुंबकं मात्र घरातच नकोत. दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना ओढून घेतात.

चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचा, बाजार भरतो तेव्हा एक कापडी पिशवी भरून आणा. सुपारीचा घोस, आंबाडे, चिबूड. पिशवीत हात घालून, न बघता ओळखायचं. खडबडीत, गुळगुळीत, थंड, केसाळ हे शब्द तिथेच पक्के होतात. कवंडळासारखी फळं नुसती बघायची, पिशवीत घालायची नाहीत.

उकडे तांदूळ परातीत देता येतात, पण रंगवून नाही. खेळण्याआधी हात धुवायचे, खेळ झाल्यावर तेच तांदूळ धुवून त्यांची पेज करायची आणि दहाच्या सुमाराला सगळ्यांनी मिळून खायची. अन्न फेकायला मी शिकवणार नाही.

हे परातीत कधीच नको

गुंज. लाल-काळ्या सुंदर बिया, परसाच्या कुंपणावर सहज मिळतात, आणि फार विषारी असतात. बी चावली गेली तर जिवाशी खेळ. तसंच एरंडाच्या बिया, कण्हेर, धोतरा. कच्चा राजमाही नको. पाण्यात फुगणारे रंगीत मणी, जे खेळणं म्हणून विकतात, ते पोटात गेले तर आतडं अडवतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलासमोर शेंगदाणे, वाटाणे, चिंचोके ठेवू नका. घशात किंवा नाकात जातात.

आणि गोव्यात आवर्जून सांगायचं म्हणजे कच्ची काजूबी. तिच्या सालीत तेल असतं, ते कातडी भाजतं. एका उन्हाळ्यात माझ्याच वर्गातल्या मुलाने माझं लक्ष नसताना ओली काजूबी दाताने फोडायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ओठ आणि बोटं फोडांनी भरली होती. चूक माझी होती. बोंडू हुंगायला द्या, कापून रस पिळू द्या, पण बी आधीच पिळून वेगळी करून उंच ठेवा.

मूल हात लावत नसेल तर

दर वर्षी एक-दोन मुलं अशी असतातच. चिखल बघून हात मागे बांधतात, ओलं बोट लगेच फ्रॉकला पुसतात. त्यांचा हात धरून चिखलात घालू नका. तसं केलंत तर महिनाभर परातीजवळ येणार नाहीत. आधी लांब चमचा द्या. मग काडी. मग पिशवीत बंद केलेला चिखल, बाहेरून दाबायला. शेजारी ओला पंचा कायम ठेवा, हात हवा तेव्हा पुसता येईल एवढ्या विश्वासावर मूल पुढे येतं. एका मुलाला आमच्याकडे पहिल्या बोटापर्यंत पोहोचायला गणपतीपासून दिवाळीपर्यंत वेळ लागला. जेवताना, कपडे घालताना, केस विंचरतानाही मूल असंच कासावीस होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आवरणं

आवरण्याची दहा मिनिटं खेळातच धरा आणि ती मुलांकडूनच करून घ्या. करवंट्या धुणं, चाळणीतून रेती वेगळी करणं, पंचे पिळणं. पिळण्यात तर मनगटाची जी कसरत होते ती कुठल्याच खेळण्यात होत नाही. पावसाळ्यात करवंट्या आणि काथ्या चुलीजवळ किंवा पंख्याखाली सुकवा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. बुरशी आलेली वस्तू पुसून वापरू नका, टाकून द्या. चिखलाचं पाणी माडाच्या बुंध्याशी ओता. परात आणि करवंट्या उपड्या घाला, एकाही करवंटीत पाणी राहता कामा नये. करवंटीभर पाणी डासांच्या अळ्यांना पुरतं.